गोळी आहे की, मग अजून काय शोधताय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीच्या गणपतीत, लग्नात, लोकलमध्ये, कोलेस्टेरॉलवर काम करते म्हटलं की समोरचा आधी स्वतःचा रिपोर्ट सांगतो आणि मग हाच प्रश्न, गोळी तर मिळतेय, मग रोज परळच्या लॅबमध्ये जाऊन करता काय?

तर कोलेस्टेरॉल फक्त तुपाअंड्यातून येत नाही, बरंचसं शरीरच बनवतं, आणि ते किती वेगाने बनणार हे मुख्यतः एचएमजी-कोए रिडक्टेझ नावाचं एन्झाइम ठरवतं. जपानच्या अकिरा एंडोंनी 1970 च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, शोधलं ते यालाच अडवणारं, तुमची अ‍ॅटोर्वास्टॅटिनही तेच करते.

पण पेशी गप्प बसत नाही ना! तिच्यात स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासारखे रेणू) पुरेसे असले की इन्सिग नावाचं प्रोटीन या एन्झाइमला धरतं, मग त्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची लेबलं लागतात आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. (युबिक्विटिनच्या या शोधाला 2004 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.) स्टॅटिन घेतलं की कोलेस्टेरॉल कमी बनतं, पेशीला टंचाई जाणवते, मोडतोड मंदावते, वर नवीन एन्झाइमही जास्त तयार होतं, म्हणजे ज्याला अडवायला गेलो त्याचाच साठा कित्येक पटींनी वाढतो.

ही मोडतोड मी डोळ्यांनी बघते. पेशींना सायक्लोहेक्झिमाइड द्यायचं, त्याने नवीन प्रोटीन बनणं थांबतं, मग ठरलेल्या वेळाने सँपल काढून बर्फात ठेवायचं आणि शेवटी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे एखादं प्रोटीन किती उरलंय ते पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. स्टेरॉल दिलेल्या पेशींत एन्झाइमची काळी पट्टी तासाभरातच फिकट होत जाते, न दिलेल्यांत बराच वेळ ठसठशीत राहते, आणि इन्सिग काढून टाकलं तर स्टेरॉल देऊनही ती हलत नाही. मला हे आजही प्रचंड आवडतं.

टंचाईचा फायदाही आहे, खरं तर गोळीचा गुण त्यातच आहे, लिव्हरच्या पेशी पृष्ठभागावर जास्त एलडीएल रिसेप्टर (एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पकडणारी प्रोटीनं) आणतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतात. पण त्याच सिग्नलने पीसीएसके9 नावाचं प्रोटीन पण वाढतं आणि ते या रिसेप्टरलाच लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचराकुंडीत, नेऊन संपवतं. अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालेली इंजेक्शनं यालाच रोखतात.

डोस डबल केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्केच आणखी का उतरलं, असं काका लोक विचारतात त्यामागे पेशीची ही उलटी धडपड हे एक मोठं कारण. म्हणून गोळी मनाने बंद करू नका हं, हार्ट अटॅक टाळायला ती खरंच उपयोगी आहे, डोसचं डॉक्टर बघतील. मला शोधायचंय ते हे की एन्झाइम नुसतं अडवण्याऐवजी पेशीलाच ते मोडायला लावता येईल का, म्हणजे साठा वाढायचा प्रश्नच येणार नाही.