पदनाम एक, वेतनस्तर दोन : माझा अनुभव

महाराष्ट्र शासनाचे सातव्या वेतन आयोगाचे नियम २०१९ मध्ये निघाले (लागू १ जानेवारी २०१६ पासून), त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. मी एका शासकीय विभागात भांडारपाल. दुसऱ्या एका विभागाकडून आमच्याकडे हस्तांतरित झालेलं साहित्य ताब्यात घ्यायला मी त्यांच्या भांडारात गेले होते. याद्या जुळवताना तिथल्या भांडारपालांनी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठला स्तर मिळाला?" मी म्हटलं, एस-६. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आम्हाला एस-८ आहे."

एस-६ सुरू होतो १९,९०० वर, एस-८ सुरू होतो २५,५०० वर. म्हणजे मूळ वेतनातच ५,६०० रुपयांचं अंतर. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनावरच निघतात, निवृत्तिवेतनाचा हिशोबही तिथूनच. सहाव्या आयोगात हीच तफावत १,९०० आणि २,४०० ग्रेड पे (मूळ वेतनात धरली जाणारी श्रेणीची रक्कम) अशी दिसायची, त्यामुळे ती कुणाच्या फारशी डोळ्यांवर आली नव्हती. समोर तीच साठा नोंदवही, तीच मागणीपत्रं आणि निर्लेखनाचे (निरुपयोगी वस्तू नोंदीतून कमी करण्याचे) तेच प्रस्ताव. वार्षिक पडताळणीत एखादी वस्तू कमी भरली, तर वसुलीची टांगती तलवारही तीच.

मी घाईघाईत एक पानाचं निवेदन लिहिलं : पदनाम समान आहे, म्हणून वेतन समान द्यावं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : पदनामातील साम्य हा समान वेतनाचा निकष नसल्याने मागणी मान्य करता येत नाही. मला फार लागलं ते. पण नंतर निकाल वाचत गेले, तेव्हा कळलं की कायद्याच्या दृष्टीने ते वाक्य चूक नव्हतं. 'समान कामाला समान वेतन' या तत्त्वाला बळ देणारा रणधीर सिंग खटल्याचा १९८२ चा निकाल आम्ही सगळे तोंडपाठ म्हणायचो. पण जगजीत सिंग प्रकरणातल्या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या निकालांचं सार मांडलं आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलं आहे की काम समान असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर असते. कामाचं स्वरूप, अर्हता (शैक्षणिक पात्रता), जबाबदारी, विश्वासार्हता हे सगळं तपासलं जातं. माझ्या निवेदनात यातलं एकही अक्षर नव्हतं.

मग माहितीचा अधिकार वापरला. दोन्ही विभागांचे सेवाप्रवेश (भरतीचे) नियम, त्यांत वेळोवेळी झालेल्या सुधारणा आणि दोन्ही पदांच्या कर्तव्यसूची मागवल्या. त्यांची कर्तव्यसूची आली. आमच्याकडून उत्तर आलं, 'अशी सूची अभिलेखात उपलब्ध नाही.' पंचवीस-तीस वर्षं माणसं ज्या पदावर राबली, त्याचं काम कुठे लिहिलेलंच नव्हतं! ती सूची मी आणि आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, अशा आम्ही दोघांनी जुन्या कार्यालयीन आदेशांतून, लेखापरीक्षणाच्या परिच्छेदांतून आणि आमच्याच सह्यांच्या नोंदवह्यांतून उभी केली. प्रत्येक कामासमोर पुराव्याचं पान लावलं. महिनाभर संध्याकाळी थांबून हेच चाललं होतं.

तुलनेच्या तक्त्यात दोन बाबतींत त्यांचं काम आमच्यापेक्षा जास्त होतं. त्यांतली एक म्हणजे, ज्वालाग्राही साहित्य त्यांच्याकडे असतं, आमच्याकडे नाही. काका म्हणाले, "ते कशाला लिहायचं?" मी ते ठेवलं. प्रकरण पुढे न्यायाधिकरणात गेलं असतं तर शासनाच्या प्रतिज्ञापत्रात ते येणारच होतं, आणि मग आमचा बाकीचा तक्ताही संशयास्पद ठरला असता. आमच्याकडच्या साठ्याची किंमत आणि कार्यालयांची संख्या जास्त होती, तेही तितक्याच मोकळेपणाने लिहिलं.

खरा धागा सापडला तो सेवाप्रवेश नियमांत. आमच्या पदाची अर्हता पूर्वी एसएससी होती. नंतरच्या सुधारणेने ती पदवी केली, पण वेतनश्रेणी एसएससीच्या काळातलीच राहिली. प्रत्येक आयोगात जुन्या श्रेणीला समकक्ष नवी श्रेणी मिळत गेली, त्यामुळे मूळची चूक पुढे सरकत राहिली. पदाचं नव्याने मूल्यमापन कुणी केलंच नव्हतं.

वेतनत्रुटीचा (वेतनश्रेणीतली चूक दुरुस्त करण्याचा) प्रस्ताव विभागामार्फत गेला, आर्थिक भाराची माहिती अपूर्ण म्हणून परत आला, पुन्हा गेला. या सगळ्यात मिळून जवळजवळ वर्ष निघालं आणि तिथेच आम्ही फसणार होतो. सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवेविषयीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं तर मागणी नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि उत्तरच आलं नाही तर आधी सहा महिने वाट पाहावी लागते. पुन्हा पुन्हा निवेदनं दिली म्हणून ही मुदत वाढत नाही. नकाराच्या त्या दोन ओळींच्या पत्राला अकरा महिने झाले होते. वकीलसाहेबांनी आवक शिक्का पाहिला आणि म्हणाले, "ताई, याच आठवड्यात दाखल करू." थकबाकीचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. वेतनातला अन्याय दरमहा होत असला, तरी तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालानंतर ती सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्यांना वेळेत जाता आलं नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला आजही छळतो.

न्यायाधिकरणात शासनाने सर्वोच्च न्यायालयाचा चौरसिया प्रकरणातला १९८८ चा निकाल पुढे केला : पदांचं मूल्यमापन हे तज्ज्ञ समितीचं काम आहे, न्यायालयाचं नाही. आमच्या वकिलांनी त्याला विरोध केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की अर्हता बदलल्याची बाब समितीसमोर ठेवली होती का? सरकारी वकिलांनी माहिती घ्यायला वेळ मागितला. पुढच्या तारखेला नस्ती (फाइल) आली. त्यात ती बाब कुठेच नव्हती.

न्यायाधिकरणाने एस-८ दिला नाही. शासनाने चार महिन्यांत आम्हाला सुनावणी देऊन, अर्हतेतला बदल आणि तक्ता विचारात घेऊन सकारण (कारणं नमूद केलेला) आदेश काढावा, असं सांगितलं. निकाल वाचून मी घरी येऊन रडले. मला तो पराभव वाटला होता. पण आजवर कुणी न पाहिलेला तो तक्ता सुनावणीत पहिल्यांदा टेबलावर उघडला गेला. उपसचिवांनी पुराव्याची पानं एकेक करून उलटली, साठ्याच्या किमतीबद्दल आणि वसुलीच्या प्रकरणांबद्दल विचारलं. ज्वालाग्राही साहित्याचा मुद्दा त्यांनी काढला, तेव्हा तो आमच्याच तक्त्यात होता.

आदेश निघाला. एस-८ मिळाला, १ जानेवारी २०१६ पासून, पण काल्पनिकरीत्या, म्हणजे मागच्या काळासाठी फक्त कागदावर. प्रत्यक्ष लाभ आदेशाच्या दिनांकापासून. तीन वर्षांची थकबाकीसुद्धा गेली. तिच्यासाठी पुन्हा लढायचं का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत लढावं असं आहे, कारण काम तर आम्ही काल्पनिक केलेलं नव्हतं.

काका दरम्यान निवृत्त झाले. त्यांचं निवृत्तिवेतन नव्या वेतननिश्चितीवर सुधारायचं आहे. त्यांचा प्रस्ताव महालेखापाल कार्यालयातून एकदा परत आला, सेवापुस्तकात वेतन पडताळणीची नोंद नाही म्हणून. गेल्या आठवड्यात ती नोंद करून घेतली, पान स्वतः तपासलं आणि प्रस्ताव पुन्हा पाठवला. काका रोज संध्याकाळी फोन करतात, जावक क्रमांक विचारतात आणि तो परत एकदा लिहून घेतात.