आजीचा एसटी प्रवास

आज आजीला घेऊन साताऱ्याहून वाईला गेले, तिच्या धाकट्या बहिणीकडे. आजी ७८ची. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट झाली ना (६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट), तेव्हापासून आजी खरंच बदललीय, आधी बहिणीकडे जायचं म्हणजे पप्पांकडे भाड्याचे पैसे मागावे लागायचे आणि तेच तिला नको वाटायचं, म्हणून जायचीच नाही. आता बटव्यात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, कंडक्टर आला की स्वतःच पुढे करते, आणि ते शून्य रुपयाचं तिकीट नीट घडी घालून ठेवते. वाईत दोघी दुपारभर बोलत होत्या, जेवायचं पण भान नाही!

चढताना मात्र जीव जातो तिचा. पायरी पार गुडघ्याला येते, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा, मागून लोकांची घाई. आज एका कॉलेजच्या पोराने न सांगता हात दिला आणि कंडक्टरनेही ती बसेपर्यंत बेल मारली नाही, इतकं बरं वाटलं. तिकीट माफ झालं हे फार मोठं काम झालं, आता खाली एक जास्तीची पायरी आणि प्रत्येक स्टॉपवर बसायला बाक, एवढं तरी व्हायलाच पाहिजे. तुमच्या गावच्या स्टॉपवर आहे का बाक? कमेंटमध्ये सांगा.