हाडं मोजून पगार कोण देतंय?

सीबीझेड, म्हणजे रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्र, घेऊन बीएस्सी झालं की बेळगाव-खानापूरकडं पुढचे रस्ते ठरलेले असतात: बीएड, एमआरची बॅग, नाहीतर पुण्याची एखादी फार्मा कंपनी. माणसाचं शरीर आज जसं आहे तसं का झालं, यावर आयुष्यभर काम करता येतं, हे आमच्या कॉलेजात कुणी बोललं नव्हतं. आता मी त्याच कामात आहे आणि आमच्या भागातली पोरं फोन करून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

पहिली पंचाईत ही की या विषयाचं एक असं घर नाही. हाड कसं वाढतं ते ॲनाटॉमीवाल्यांना ठाऊक, ते मातीच्या कुठल्या थरातलं ते पुरातत्त्ववाल्यांना, आणि माणसामाणसांतला फरक कसा मोजायचा ते मानवशास्त्रवाल्यांना. एमबीबीएस करून ॲनाटॉमीत एमडी हा एक रस्ता, पण नीटचे तेवढे मार्क माझ्याकडं नव्हते. मी धारवाड धरलं. कर्नाटक विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे, आणि खानापुरातून लोंढा, अळणावर करत रेल्वे थेट तिथं जाते. घरच्यांना रेल्वेचं कारण जास्त पटलं. मामा मात्र दर दिवाळीला विचारायचा, "हाडं मोजून पगार कोण देतंय गं?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा फेलोशिप मिळवून देणारी देशपातळीवरची परीक्षा. दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 मार्क, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. जेआरएफ निघाली की आता महिन्याला 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पण मानवशास्त्राचा पेपर नुसत्या हाडांचा नसतो. नातेसंबंध, लग्नाचे नियम, आदिवासी समाज, दगडी हत्यारं, सगळंच त्यात. मामाच्या मुलीशी लग्न का चालतं, हे आमच्याकडं गल्लीत कुणीही सांगेल. तेच परीक्षेसाठी सिद्धांतासकट पाठ करावं लागलं. तेव्हा चिडचिड झाली. नंतर इरावती कर्व्यांबद्दल वाचलं. नातेसंबंधांच्या अभ्यासासाठी आपण ज्यांना ओळखतो, त्यांनी बर्लिनला डॉक्टरेट केली ती कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावर, कवट्या मोजून. मग म्हटलं, बसू मुकाट्यानं.

पीएचडीची मुलाखत मात्र अजून आठवते. माझा प्रस्ताव घोट्यावरचा होता. उकिडवं बसलं की नडगीच्या हाडाची खालची पुढची कड घोट्याच्या हाडाच्या मानेवर टेकते. आयुष्यभर तसं बसणाऱ्या माणसाच्या हाडावर तिथं गुळगुळीत, नखाएवढी चकती उठते. घोट्याचं हाड तळहातावर मावतं. उजेडाकडं थोडं तिरपं धरून अंगठा फिरवला की ती आधी बोटाला लागते, मग डोळ्यांना दिसते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्याकडं भातात भांगलण करणाऱ्या बायका डोळ्यांपुढं आल्या. तासन्‌तास उकिडव्या, तशाच पुढं सरकत जातात.

मुलाखतीत एका सरांनी विचारलं, "मग तुमच्या गावच्या बायकांच्या पायात झाली ती उत्क्रांती म्हणायची का?"

हा पेच जुना आहे. लाहोरच्या मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी 1893-94 मध्ये पंजाबी लोकांच्या पायाच्या हाडांवर या खुणा नोंदवल्या. जन्माला न आलेल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांतही त्या दिसल्या, तेव्हा सवय वारशानं उतरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढं युरोपीय गर्भांतही तशाच खुणा सापडल्या, ज्यांच्याकडं उकिडवं बसतच नाहीत. पोटात बाळाचं पाऊल वर दुमडलेलं असतं, एवढंच. पुढं जो बसत राहतो त्याची खूण राहते, इतरांची पुसट होत जाते. म्हणून मी म्हटलं, "नाही सर. ही खूण एका आयुष्यातली. आपल्या हाडाला वापराप्रमाणं आकार घेता येतो, ती क्षमता मात्र उत्क्रांतीतली."

सर सोडणारे नव्हते. त्यांनी पुढं विचारलं: 32 लाख वर्षांपूर्वीची ल्यूसी, म्हणजे इथिओपियात सापडलेला माणसाच्या पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, दोन पायांवर चालायची, हे आपण तिच्या मांडीचं हाड गुडघ्याकडं आत झुकलेलं आहे यावरूनही म्हणतो. तो झुकाव आपल्या पोरांत चालायला लागल्यावरच येतो. मग तोही पुरावा बाद का? उलट, मी म्हटलं, ती चालली नसती तर तो कोन आलाच नसता. तिचं खुब्याचं हाड आखूड आणि पसरट आहे, ते मात्र एका आयुष्यात नुसतं चालून तसं होत नाही, ती उत्क्रांती. तिथं सर हसले, आणि माझं काम झालं, असं मला वाटतं.

पुढचा भाग रटाळ आहे. हाडं मोजायची परवानगी मागितलेल्या एका मेडिकल कॉलेजात माझा अर्ज इतकी टेबलं फिरला की शेवटी क्लार्कबाईच मला ओळखू लागल्या. हाडं मिळाली तरी कुणाची, किती वयाची, कुठल्या गावची, याची नोंद बहुधा नसते. मग तेच हाड कॅलिपरनं आज मोजायचं, काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, आणि आपलाच हात किती हलतो ते आधी काढायचं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं या वाटेला येऊ नये.

जमिनीतून कवटी उकरून काढायची स्वप्नं बघणाऱ्यांनाही सांगते. भारतात तसा जुना मानवी जीवाश्म म्हणजे 1982 मध्ये अरुण सोनकियांना नर्मदेकाठी हथनोऱ्यात मिळालेला कवटीचा भाग आणि आसपासचे थोडे तुकडे. आमच्या खानापूरच्या जांभ्या मातीत, त्या पावसात, हाड टिकतच नाही. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत दगडी हत्यारं भरपूर, ती करणाऱ्यांची हाडं नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, गावातले सांगाडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात मिळाले, तोच आपल्याकडचा मोठा खजिना. लहान मुलांच्या दातांवरच्या आडव्या रेघांवरून त्यांची उपासमार आणि आजारपण वाचता येतं.

नोकऱ्या थोड्याच. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणात जागा निघतात, त्यांचं एक केंद्र म्हैसूरला आहे. विद्यापीठात शिकवणं, फॉरेन्सिक, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संस्थेसारख्या ठिकाणी डीएनएचं काम. तिकडं जायचं असेल तर बीएस्सीतच स्टॅटिस्टिक्स पक्कं करा. कानडी येतंय म्हणून लाजू नका. कर्नाटकातल्या गावांत लोकांची मापं घ्यायला गेल्यावर माझी निम्मी कामं त्यावरच झाली. सध्या मी जिवंत माणसांच्या सीटी स्कॅनवर घोटे मोजतेय. खुर्चीवर आणि कमोडवर वाढलेली पोरं एकीकडं, त्यांचे आजी-आजोबा दुसरीकडं. मापं अजून निम्मीच झालीत.