मेडिकलची तारीख मिळेना

आज पुन्हा तेच उत्तर, "सध्या तारीख नाही." उड्डाणात खंड पडलेल्या वैमानिकाकडे परवाना असला, तरी क्लास वन मेडिकलशिवाय, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांसाठीच्या आरोग्य तपासणीशिवाय, कामावर परतता येत नाही. ही तपासणी मान्यताप्राप्त परीक्षकच करू शकतो, आणि असे परीक्षक मोजकेच. नियमित उडणाऱ्यांनाही साधारण दर 12 महिन्यांनी, साठीनंतर 6 महिन्यांनी यावंच लागतं. मग आजारपणातून, बाळंतपणातून परतणारे मागेच राहतात. ईसीजी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), जुने डिस्चार्ज पेपर, तज्ज्ञाचं पत्र अशी फाइल तयार असते. पण तारीख लांबली की काही रिपोर्ट शिळे होतात आणि पुन्हा रांग. (खर्च वेगळाच.) निकष कडकच हवेत, त्यात सूट मुळीच नको. परतणाऱ्यांसाठी काही तारखा राखून ठेवा, एवढंच मागणं आहे.