बापाचं मत राहिलं, लेकीचं झालं

19 एप्रिल 2016. न्यूयॉर्क राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी निवडण्याचा दिवस. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या एका शाळेच्या जिममध्ये मी मतदान कर्मचारी म्हणून मतदारांच्या टेबलावर बसले होते. आम्ही पहाटे पाचला हजर होतो. टेबलं लावणं, स्कॅनर सुरू करणं, मतदारयादीच्या वह्या उघडून ठेवणं हे सगळं सहाच्या आत व्हावं लागायचं, कारण सहाला दारं उघडतात ती रात्री नऊपर्यंत.

एरवी एप्रिल उजाडेपर्यंत दोन्ही पक्षांत कोण जिंकणार हे बहुतेक कळून चुकलेलं असतं, त्यामुळे न्यूयॉर्कच्या प्रायमरीकडे फारसं कोणी फिरकत नाही. त्या वर्षी मात्र दोन्हीकडे चुरस होती. हिलरी क्लिंटन या न्यूयॉर्कच्या माजी सिनेटर, बर्नी सँडर्स ब्रुकलिनमध्ये जन्मलेले, आणि डोनाल्ड ट्रम्प तर आमच्या क्वीन्सचेच. उघडायच्या आधीच दाराशी रांग लागली होती आणि त्या रांगेत मला आजवर प्रायमरीला कधी न दिसलेले चेहरे होते. मनातून फार बरं वाटत होतं.

साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन टेबलापाशी आले. वय पंचावन्नच्या आसपास. मुलगी कॉलेजातली, पहिल्यांदाच मत द्यायला आलेली. दोघांचा पत्ता एक, त्यामुळे टेबलही एकच. मुलीनं नाव सांगितलं, मी वहीत शोधलं, तिनं सही केली, मतपत्रिका घेतली. मग वडिलांचं नाव शोधायला लागले. ते वहीत नव्हतं.

"नाही कसं? 2008 पासून नोव्हेंबरची एकही निवडणूक चुकवली नाही मी," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्या उच्चारावरून त्यांना अंदाज आला असावा. "ताई, तुम्ही मराठी का? जरा नीट बघा ना. मूळचा डोंबिवलीचा आहे मी, मतदान कधी सोडलेलं नाही. ना तिथं, ना इथं."

मी नीट बघितलं. शेजारच्या टेबलाच्या वहीतही बघितलं, म्हटलं चुकून तिकडे गेलं असेल. मग विचारलं, "काका, तुमची पक्षनोंदणी कुठली आहे?"

"कुठलीच नाही. मी कुठल्याच पक्षाचा नाही."

तिथंच उत्तर होतं. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद असते. डेमोक्रॅटिक प्रायमरीत डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेले, रिपब्लिकन प्रायमरीत रिपब्लिकन म्हणून नोंद असलेले, एवढेच मतदार चालतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कोणीही कोणालाही मत देऊ शकतो, त्यामुळे वर्षानुवर्षं मत देणाऱ्या माणसालाही ही अट कधी जाणवत नाही. पक्षाचा रकाना कोरा असला की प्रायमरीच्या वहीत नावच छापलं जात नसे.

भारतातून आलेल्या माणसाला हे सगळंच नवं असतं. आपल्याकडे उमेदवारी पक्षातले वरिष्ठ ठरवतात आणि मतदाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. कोणी तो विचारलाच, तर आपण बिचकतो. इथं सरकारी फॉर्मवर पक्षाचा रकाना बघून आपली कितीतरी माणसं तो मुद्दाम कोरा ठेवतात. त्यात गैर काही नाही. पण त्या कोऱ्या रकान्याची किंमत काय, हे फॉर्म भरताना त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

काकांनी मात्र ते शोधून काढलं होतं, फक्त उशिरा. "अहो, फेब्रुवारीत मी फॉर्म भरून पाठवला की! डेमोक्रॅटवर खूण केली. दोन महिने झाले त्याला."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण नियम मला पाठ होता. आधीपासून नोंद असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा किंवा नव्यानं घ्यायचा असेल, तर तेव्हाच्या कायद्यानं शेवटची तारीख होती 9 ऑक्टोबर 2015. म्हणजे मतदानाच्या सहा महिन्यांहूनही आधी. त्यानंतर आलेला फॉर्म घेतला जायचा, पण लागू व्हायचा तो पुढची नोव्हेंबरची निवडणूक झाल्यावर. याउलट ज्यानं आयुष्यात कधी नोंदणीच केली नव्हती, त्याला 25 मार्च 2016 पर्यंत मुभा होती. त्यांच्या मुलीनं मार्चमध्ये कॉलेजात पहिल्यांदा नाव नोंदवलं, पक्षावर खूण केली आणि ती मत देऊन मोकळी झाली. आठ वर्षं नेमानं मत देणारा बाप तिच्याच शेजारी उभा होता आणि त्याला मतपत्रिका नव्हती.

मी हे त्यांना मराठीत सांगितलं. ते ओरडले नाहीत. मुलगीच म्हणाली, "बाबा, मग तुम्ही आधी कधी नोंदणी केलीच नसती तर आज चाललं असतं?" खरोखर तसंच होतं.

ऑक्टोबरची ती तारीख किती लवकरची होती, हे एका गोष्टीवरून कळतं. डेमोक्रॅटिक उमेदवारांची पहिली जाहीर चर्चा लास व्हेगासला झाली 13 ऑक्टोबरला. म्हणजे उमेदवार एका मंचावर उभे राहून बोलायच्या चार दिवस आधीच न्यूयॉर्कच्या मतदारानं ठरवायचं होतं की आपण कुठल्या पक्षात जाऊन निवड करणार. खुद्द ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांचीही ही तारीख चुकली, आणि त्यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. इतक्या जवळच्या माणसांना जी तारीख कळली नाही, ती क्वीन्समधल्या नोकरदार माणसाला कळायला हवी होती, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

या नियमामागे कारण नाही असं नाही. विरोधी पक्षाच्या लोकांनी ऐन वेळी घुसून मुद्दाम कमजोर उमेदवार निवडून आणू नये, ही भीती त्यामागे आहे. न्यूयॉर्कचा हाच नियम 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 'रोझारिओ विरुद्ध रॉकफेलर' हा तो खटला. पाच विरुद्ध चार मतांनी नियम टिकला. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या माणसांनी निवडावा, हे तत्त्व मलाही पटतं. पण त्यासाठी सहा महिने कशाला? हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सी. तिथं पक्ष नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी टेबलावरच पक्ष सांगतो आणि मत देतो. न्यू हॅम्पशायरमध्येही पक्ष नसलेल्याला दोन्हींपैकी एक मतपत्रिका निवडता येते. व्हर्जिनियात तर मतदाराची पक्षनोंदणी मुळी होतच नाही. देश एक, निवडणूक एका पदाची, आणि दार उघडं की बंद हे तुम्ही कुठं राहता त्यावर.

काकांपुढे एकच मार्ग होता, प्रतिज्ञापत्रावरचं मत. नाव यादीत नसलेल्या मतदाराला अ‍ॅफिडेव्हिट बॅलट मागण्याचा हक्क आहे. मत लिफाफ्यात बंद होतं, वर मतदाराची माहिती आणि सही असते, नंतर नोंदी तपासून ते मोजायचं की नाही ते ठरतं. मी त्यांना आशा लावली नाही. म्हटलं, "काका, हा तुमचा हक्क आहे, जरूर भरा. पण तुमच्या नोंदीत पक्ष नसेल तर हे मोजलं जाणार नाही." त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि लिफाफा मागून घेतला. सगळे रकाने स्वच्छ अक्षरात भरले. "मी आलो होतो एवढं तरी कागदावर राहील," म्हणाले.

त्या दिवशी हेच पुन्हा पुन्हा झालं. एका बाईंनी स्वतंत्र राहायचं म्हणून कधीतरी 'इंडिपेंडन्स पार्टी'वर खूण केली होती. तो न्यूयॉर्कमधला एक खराखुरा छोटा पक्ष होता, त्यामुळे त्या न कळत त्याच्या सदस्य होऊन बसल्या होत्या. एक तरुण मुलगा दुपारी आला, तो मात्र चिडला, आणि त्याचं चिडणं मला समजत होतं. संध्याकाळी बातमी कानावर आली की ब्रुकलिनमध्ये लाखाहून जास्त नावं यादीतून गळाली आहेत आणि चौकशीची मागणी होते आहे. ते प्रकरण वेगळंच होतं, पण आमच्या टेबलासमोरच्या माणसाला दोन्हींतला फरक कसा कळणार? आपलं नाव नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

रात्री निकाल आले. क्लिंटन आणि ट्रम्प, दोघेही मोठ्या फरकानं जिंकले. डेमोक्रॅटिक बाजूला वीस लाखांच्या आसपास मतं पडली, रिपब्लिकन बाजूला नऊ लाखांवर. कुठल्याच पक्षात नोंद नसलेले मतदार तेव्हा राज्यात वीस लाखांहून अधिक होते. देशभरात त्या वर्षीच्या सगळ्या प्रायमरी मिळून पात्र मतदारांपैकी 28.5 टक्के लोकांनी भाग घेतला, असं प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेनं काढलं, आणि तो आकडा 2008 चा अपवाद वगळता अलीकडच्या काळातला मोठा मानला गेला. लोकांना आस्था नाही, असं यावर सर्रास म्हटलं जातं. मला ते आता ऐकवत नाही. आस्था असलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी परत जाताना बघितली आहेत.

त्या वर्षी गणपतीत मी नोंदणीचे फॉर्म घेऊन बसले. आरतीनंतर येईल त्याला एकच प्रश्न विचारायची, तुमचा पक्षाचा रकाना भरलेला आहे का? कुठला भरा हे कधी सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. पुष्कळांना आपला रकाना कोरा आहे की भरलेला, हेही आठवत नव्हतं.

2019 मध्ये राज्यानं कायदा बदलला. पक्ष बदलायची मुदत आता प्रायमरीच्या वर्षातल्या 14 फेब्रुवारीपर्यंत आली. पूर्वीपेक्षा हे कितीतरी बरं, तरी इतर पदांच्या जूनमधल्या प्रायमरीसाठी फेब्रुवारी मला अजून दूरच वाटतो. न्यू जर्सीसारखं टेबलावरच पक्ष सांगू द्यावं, असं मी संधी मिळेल तिथं म्हणत असते.

काकांचं लिफाफ्यातलं मत मोजलं गेलं नाही, तसं पत्र त्यांना आलं. फेब्रुवारीत भरलेला त्यांचा फॉर्म मात्र 2016 च्या नोव्हेंबरनंतर लागू झाला. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे राज्यानं डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरीच रद्द केली, तेव्हा त्यांचा मला फोन आला. या खेपेला यादीत नाव होतं आणि निवडणूक नव्हती! मे महिन्यात संघराज्याच्या न्यायालयानं ती पुन्हा घ्यायला लावली. 23 जूनच्या त्या प्रायमरीत बायडन यांचा विजय ठरल्यासारखाच होता, सँडर्स यांनी प्रचार केव्हाच थांबवला होता. काकांनी तरीही टपालानं मतपत्रिका मागवली, भरली आणि मुदतीच्या आठवडाभर आधी पाठवून दिली.