म्हशीचं दूध, फॉस्फरस आणि ती चिठ्ठी

किडनीचं कळलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) २.६ आणि रक्तातला फॉस्फरस ५.४ होता (नॉर्मल २.५ ते ४.५ धरतात). तपासण्या, औषधं सगळं पटापट झालं, त्याबद्दल तक्रार नाही. मी अडले ती एका साध्या प्रश्नावर, दुधात फॉस्फरस असतो आणि बिघडलेली किडनी तो नीट बाहेर टाकत नाही, तर घरात म्हशीचं दूध येतं ते मी किती प्यायचं? एवढ्यासाठी कणकवलीहून कोल्हापूरला तीन खेपा.

पहिल्या खेपेला खिडकीवर सांगितलं, डाएटिशियनसाठी डॉक्टरांची वेगळी चिठ्ठी लागते, फाईलवर लिहिलेलं चालत नाही. डॉक्टर तोवर राउंडला गेलेले. आलो तसे फोंडाघाट उतरून परत. दुसऱ्यांदा चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली, धो धो पाऊस, तर मॅडम रजेवर. वर मलाच ऐकवलं, "फोन करून यायचं ना." फोन आठवडाभर करत होते हो, उचलेल कोण! तिसऱ्या खेपेला टोकन ३४. शेजारी एक आजोबा डब्यातला दहीभात खात बसले होते आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या दह्याकडे. दीड वाजता नंबर लागला आणि हातात आली एक पुसट झेरॉक्स, इंग्रजीत, त्यात 'दूध एक कप'. कुणाचा कप? माझं डोकंच फिरलं, पिशवीतून घरचा स्टीलचा पेला काढून टेबलावर ठेवला, लेकाने आदल्या रात्री मोजला होता, काठोकाठ २४० मिली. मॅडम हसल्या आणि मग दहा मिनिटं खरंच नीट बोलल्या. ती दहा मिनिटं पहिल्याच खेपेला मिळाली असती तर?

तर कळलं ते असं. मला वाटायचं साय काढली की दूध हलकं झालं, चालेल. पण फॉस्फरस सायीत नसतो, खालच्या दुधातच राहतो. १०० मिली गायीच्या दुधात साधारण ९० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि १५० च्या आसपास पोटॅशियम (किडनी बिघडली की तेही सांभाळावं लागतं), म्हशीच्यात फॉस्फरस अजून जास्त. मला दिवसाला १०० मिली गायीचं सांगितलं, चहा आणि दही त्यातच. दही खाल्लं त्या दिवशी चहा कोरा. माझं माप उचलू नका हां, ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांना प्रोटीन जास्त लागतं, त्यांचं गणितच वेगळं.

तूप आणि बिनमिठाचं लोणी यात फॉस्फरस नावालाच. हे ऐकून मी तिथेच म्हटलं, म्हणजे गणपतीत मोदकावर तूप चालेल! खरवस आणि मिल्क पावडर मात्र विसरायची.

चीजचं तर अजूनच. पाकिटावर फॉस्फरस किती ते बहुतेक वेळा लिहीतच नाहीत, त्यामुळे घटकांच्या बारीक अक्षरांत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ असे आकडे शोधायचे, मी मोबाईलने फोटो काढून झूम करते. ते वरून घातलेलं फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच असतं, शरीर ते जवळजवळ सगळं शोषून घेतं, दुधातलं मूळचं त्यामानाने निम्म्याच्या आसपास.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "गो, मगे नारळाचा दूध घे, ता तरी घरचा." काकी, त्यातही पोटॅशियम भरपूर, सोलकढी मी आता सणालाच घेते, तीही दोन घोट. हां, राहिलंच, फॉस्फरस कमी करायची गोळी असेल तर ती जेवतानाच घ्यायची, मी महिनाभर रात्री झोपताना घेत होते, कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्यांना पाणी मोजून आहे त्यांनी ताकसुद्धा पाण्यातच मोजा.

दोन महिन्यांनी फॉस्फरस ४.६ आला. पुढच्या तारखेची चिठ्ठी मी त्याच दिवशी लिहून घेतली आणि फाईलला दोन पिना मारून ठेवलीय.