जूनमधलं भाडं, डिसेंबरातलं घर

‘गोव्यात परवडेल असं भाड्याचं घर कुठे मिळेल?’ बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुजू होणारे विचारतात, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत लागलेले विचारतात, आणि 2023 च्या जानेवारीत मोपाचं विमानतळ सुरू झाल्यापासून तिथे नोकरीला आलेलेही विचारतात. गावांची नावं सांगितली की लोक टिपून घेतात, आणि ऑक्टोबरात तीच माणसं पुन्हा विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच नीट लिहितो. ‘कुठे’ हा नंतरचा प्रश्न. आधी विचारा, डिसेंबरात हे घर कुणाकडे असतं?

काही वर्षांपूर्वी मीच सांगत असे की मेअखेर, जूनमध्ये शोधा, भाडं उतरलेलं असतं. ते खोटं नव्हतं. कळंगुट, कांदोळी, हणजूण, हडफडे या किनारी पट्ट्यात ऑक्टोबर ते मे खोली पर्यटकांना रात्रीच्या दराने जाते. पावसाळ्यात ती रिकामी पडते, आणि बंद घराला पंधरा दिवसांत बुरशी धरते. म्हणून मालक जूनमध्ये कमी भाड्यात देतो. तुम्ही चार महिने राहता, दारं-खिडक्या उघडी राहतात, घर जपलं जातं. तुम्हाला ते स्वस्त घर वाटतं. त्याच्या हिशेबात तुम्ही राखणदार असता.

एका कुटुंबाचं सांगतो. नवऱ्याची नोकरी म्हापशाला, मुलगी तिथल्याच शाळेत. जूनमध्ये किनाऱ्याजवळ एक बीएचके मिळालं. डिपॉझिट दोन महिन्यांचं. करार स्टँप पेपरवर, नोटरीसमोर, 11 महिन्यांचा. 11 महिने कशासाठी, तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावीच लागते, ती टाळायला. करारात एक ओळ होती : ‘कोणत्याही पक्षास एक महिन्याची पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ दोघांनी वाचली. दोन्ही बाजूंना सारखीच आहे म्हणून रास्त वाटली. सप्टेंबरअखेर मालकाने नोटीस दिली, घरात लग्न आहे म्हणून. नोव्हेंबरात त्याच गॅलरीत पर्यटकांचे टॉवेल वाळत होते. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, आणि त्यांच्या आधीच्या महिन्यांचं थकलेलं लाईट बिलही. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढलेला नव्हता, त्यामुळे बोलायला जागा राहिली नाही. ऑक्टोबरात बार्देशात, म्हणजे म्हापशाच्या तालुक्यात, त्यांच्या ऐपतीचं काहीच उरलं नव्हतं. घर मिळालं डिचोलीत. मुलीची शाळा वर्षाच्या मधे कशी बदलणार? ती सहा वर्षांची पोर मार्चपर्यंत अंधारात उठून बस धरत होती.

घर असं रिकामं करून घेण्यात कायदा मोडलेला नाही, हेच जिव्हारी लागतं. 11 महिन्यांचा असा करार बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असतो, म्हणजे नुसती वापरायची परवानगी, कायदेशीर ताबा मालकाचाच. एक महिन्याची मुदत कागदावर दोघांना सारखी असते. पण जुलैत सोडणाऱ्याला दहा घरं दिसतात, ऑक्टोबरात काढलेल्याला एकही नाही.

म्हणून कागदावर हे मागा : ‘11 महिन्यांच्या मुदतीत मालक घर रिकामे करून मागणार नाही, मागितल्यास दोन महिन्यांची सूचना देईल, डिपॉझिट पूर्ण परत करील आणि एक महिन्याचे भाडे भरपाई देईल.’ सोबत मीटरचं रीडिंग, शेवटच्या भरलेल्या बिलाची प्रत, आणि पंखे, गीझर, नळ यांची यादी दोघांच्या सहीने जोडा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं मालकाचं काम आहे. तो टाळाटाळ करू लागला तर सावध व्हा.

घर पावसात बघा, हे मात्र अजूनही सांगतो. कपाट भिंतीपासून हलवायला लावा आणि मागच्या भिंतीवर तळहात फिरवा. हात गार, ओलसर लागला आणि ताज्या रंगाखाली फुगवटे आले असतील, तर ती भिंत सप्टेंबरपर्यंत वाळणार नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबचे कोपरे बघा. नळाला पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं, हे मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. विहीर असेल तर त्या पाण्यात साबण घासून बघा. फेस धरत नसेल तर पाणी जड किंवा खारट आहे. मेमध्ये टँकर लागला तर पैसे कोण देणार, तेही करारात हवं.

सरकारी घर भाड्याने मिळतं का, असंही विचारता. गृहनिर्माण मंडळाचं काम मुख्यतः भूखंड आणि घरं विकण्याचं. पण पर्वरीच्या किंवा मडगावात घोगळच्या त्यांच्या वसाहतींत मूळ मालक भाड्याने देतात, आणि ती घरं सहसा राहण्यासाठीच दिली जातात. फोंडा, कुर्टी, डिचोली, साखळी इथेही तसंच. भाडं जूनच्या किनाऱ्यापेक्षा जास्त वाटेल. त्याला 11 ने गुणा, मग किनाऱ्याच्या घराला चारने गुणून त्यात उरलेल्या सात महिन्यांचं दुसऱ्या घराचं भाडं, सामान हलवण्याचा टेम्पो, दुसऱ्यांदा दिलेली दलाली आणि कापलेलं डिपॉझिट मिळवा. फोंड्याहून पणजी तीसेक किलोमीटर आहे, तेव्हा बसचे पैसेही धरा. रात्रपाळी असेल तर शेवटची बस किती वाजता सुटते ते स्टँडवर उभं राहून बघा.

शोधायला मोबाईलपेक्षा पसरकार, म्हणजे गावातला किराणा दुकानदार, बरा. त्याहून पोदेर बरा. तो सकाळ-संध्याकाळ दारोदार पाव देत फिरतो, कुठल्या घरात वर्षभर तीच माणसं आहेत आणि कुठल्या घरात दर आठवड्याला नवी, हे त्याला पाठ असतं.

तुम्ही म्हणाल, असं कलम मागितलं तर मालक घरच देणार नाही. काही खरंच देत नाहीत. गेल्या जूनमध्ये एकाने हे कलम मागितलं आणि दोन घरं हातची गेली. तिसरं मिळालं ते साखळीला, कामापासून दीड तासावर. त्याने बरोबर केलं की चूक, हे त्याच्या बायकोने मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.